डी.ओ. मोजला, मासे कोण मोजणार?

सिव्हिलवाल्यांना एन्व्हायर्न्मेंटच्या लॅबमध्ये एक प्रयोग हमखास असतो. नदीचं पाणी बाटलीत भरून आणायचं, विंकलर पद्धतीनं टायट्रेशन करायचं, निळा रंग उडाला की ब्युरेटचं रीडिंग घ्यायचं आणि जर्नलमध्ये लिहायचं, 'विरघळलेला ऑक्सिजन अमुक इतके मिलिग्रॅम प्रति लिटर'. सरांची सही झाली की विषय संपला. (ज्यांची बाटली नदीऐवजी कॉलेजच्या नळावर भरली जाते त्यांचीही जर्नलं तपासून होतात, हा भाग वेगळा!) पण त्या पाण्यात जगतंय कोण, हा प्रश्न ना जर्नलमध्ये असतो, ना व्हायवामध्ये. माझं म्हणणं असं की, नदी घाण आहे की स्वच्छ हे ठरवताना बाटलीइतकाच, किंबहुना बाटलीपेक्षा थोडा जास्तच, विश्वास माशांवर ठेवायला हवा. आणि त्यासाठी मासे मोजायला हवेत. नुसते 'दिसले' म्हणून चालणार नाही.

आधी बाटलीचं बघू. आपण नमुना कधी घेतो? प्रॅक्टिकलच्या वेळेप्रमाणे, म्हणजे सकाळी अकरा-बाराच्या सुमारास. त्या वेळी ऊन असतं, पाण्यातलं शेवाळं ऑक्सिजन सोडत असतं आणि आकडा छान येतो. तेच पाणी पहाटे पाचला तपासा. रात्रभर शेवाळं, जिवाणू, सगळेच ऑक्सिजन ओढत असतात, त्यामुळे पहाटे तो सगळ्यात कमी असतो. त्यात उन्हाळा. २५ अंशाला स्वच्छ पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो. म्हणजे गरज वाढते तेव्हाच साठा कमी. स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी १९२५ साली ओहायो नदीवरून जे समीकरण मांडलं, ते आपण परीक्षेत दहा मार्कांसाठी सोडवतो आणि तो खाली झुकणारा वक्र काढतो. पण त्या वक्राच्या तळाशी एखादा जीव गुदमरत असतो, हे पेपर लिहिताना कोणाच्या डोक्यात येतं?

शिवाय पाणी वाहतं. रात्री दोन वाजता कोणी टँकर रिकामा केला, किंवा कारखान्याचा व्हॉल्व्ह उघडला, तर तो घाणीचा लोंढा सकाळी अकरापर्यंत पार पुढे गेलेला असतो. बाटलीला त्याचा पत्ता लागत नाही. मासा मात्र चोवीस तास, बारा महिने पाण्यातच असतो. तो मेला तर मेला, नाहीतर तिथून निघून गेला. दोन्हीही त्या लोंढ्याच्याच खुणा आहेत आणि त्या पुढे कित्येक महिने वाचता येतात. अर्थात ज्याला आधी तिथे काय होतं हे माहीत आहे, त्यालाच.

बरं, मासा हा विषय कायद्याला अगदीच परका आहे असंही नाही. पर्यावरण संरक्षण नियमांमध्ये सांडपाण्याचे जे सर्वसाधारण निकष आहेत, त्यात पी.एच., बी.ओ.डी. यांच्या रांगेतच माशांची चाचणी आहे. पाणी न मिसळता, निव्वळ सांडपाण्यात मासे सोडायचे आणि ९६ तासांनंतर ९० टक्के जिवंत राहिले पाहिजेत! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत 'ड' वर्गाचं पाणी म्हणजे मत्स्यजीवनासाठीचं पाणी. त्याला ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम, पी.एच. साडेसहा ते साडेआठ आणि मुक्त अमोनिया १.२ मिलिग्रॅमच्या आत लागतो. म्हणजे सरकारदरबारी मासा आहे. पण तो काचेच्या टाकीतला किंवा कागदावरचा. नदीतल्या माशाची हजेरी घेणारं रजिस्टर मात्र नाही. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशात ३११ प्रदूषित नदीपट्टे मोजले, त्यातले ५५ एकट्या महाराष्ट्रातले. नंबर लावण्यात आपण पहिले! आणि हे पट्टे ठरवले कशावरून, तर बी.ओ.डी. ३ मिलिग्रॅमच्या वर गेला का एवढ्यावरून. युरोपात २००० सालापासून जो पाण्याचा कायदा आहे, त्यात नदीचा दर्जा ठरवताना माशांच्या जाती, त्यांची संख्या आणि त्यांची वयं, तिन्ही बघावी लागतात. वयं कशाला, असं वाटेल. सगळे मोठेच मासे मिळाले आणि पिल्लू एकही नाही, तर तिथे वीण होत नाही असा त्याचा सरळ अर्थ. वसतिगृहात सगळे फायनल इयरचेच दिसले तर ॲडमिशन बंद झाल्या असं आपण समजूच की नाही!

आता आपल्या मुळा-मुठेकडे येतो. पुण्याच्या नदीइतका माशांचा जुना इतिहास देशात फार थोड्या नद्यांना असेल. कर्नल विल्यम साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी एकोणिसाव्या शतकात दख्खनची पाहणी करत हिंडला. १८३९ साली त्यानं इथल्या माशांची वर्णनं छापली. त्यानं एक मोठं काम केलं. कोळी-भोयांच्या तोंडी जी नावं होती तीच लॅटिनच्या पोशाखात बसवली. शिंगटीचं 'सींगटी', घोगऱ्याचं 'गोग्रा', मल्याचं 'मुल्या'. ही नावं आजही जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. आणि आपला दख्खनी महसीर, 'टॉर खुद्री', त्याचा मूळ नमुना साइक्सनं घेतला तो पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवर मुळा-मुठेत. आजच्या नकाशावर ही जागा साधारण मांजरीच्या आसपास येते. तिथल्या पुलावर कधी उभं राहून बघा. नाकाला रुमाल लावून बघावं लागेल. ज्या पाण्यावरून जगानं महसीर ओळखला, त्या पाण्यात आज महसीर शोधायला कोणी गळ घेऊन बसणार नाही.

साइक्सनंतरही याद्या होत राहिल्या. १९४२ साली फ्रेझर, १९४४ साली सूटर, १९६३ साली तोणपी आणि मुळेरकर, २००३ साली वाघ आणि घाटे, असे पुण्याच्या माशांवरचे लेख छापून आलेले आहेत. त्यामुळे कोणती जात कधीपर्यंत होती, कोणती नव्यानं घुसली हे ताडून बघता येतं. पण या मुख्यतः जातींच्या याद्या आहेत. यादीत नाव असणं म्हणजे मस्टरवर नाव असणं. वर्गात तो महिन्यातून एकदा येतो की रोज येतो, हे मस्टरवरच्या नुसत्या नावावरून कळत नाही. हजारातला शेवटचा मासा सापडला तरी यादीत टिक, आणि हजार सापडले तरी एकच टिक. म्हणून नुसती यादी पुरत नाही, संख्या लागते.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात भलेभले अडकतात. 'अहो, नदीत मासे आहेत की! पुलाखाली पोरं रोज पकडतात.' आहेत ना, पण कोणते? पकडलेला बहुतेक वेळा चिलापी निघेल, नाहीतर मांगूर. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणलेला. कमी ऑक्सिजन, घाण पाणी, त्याला कशाचंच वावडं नाही. नर घरटं काय करतो, मादी पिल्लं तोंडात काय सांभाळते, सगळा संसार जोरात. आफ्रिकन मांगूर तर सरळ हवेतून श्वास घेतो, त्याला पाण्यातल्या ऑक्सिजनशी फारसं देणंघेणंच नाही. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली, तरी तो आहेच. पुण्याचं पाणी भीमेतून उजनीत जातं. भिगवणच्या मासळी बाजारात जाऊन बघा, चिलापीचे ढीग दिसतील. त्यावर कित्येकांची पोटं चालतात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चिलापीच्या ढिगावरून नदीची तब्येत ठरवणं म्हणजे कॅन्टीनमध्ये गर्दी आहे म्हणून कॉलेजचा रिझल्ट चांगला लागला असं म्हणण्यासारखं आहे.

नुसत्या एकूण आकड्यानं कसा घोटाळा होतो त्याचं एक उदाहरण आपल्याच खुद्रीचं आहे. लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम वीण करून पिल्लं वाढवली. काम चांगलं होतं. पण तिथली खुद्रीची पिल्लं दूर दक्षिणेत कावेरीतही सोडली गेली. तिथे मोठ्या कुबडाचा स्थानिक महसीर आधीपासून होता. २०१५ साली छापलेल्या एका अभ्यासात कावेरीकाठच्या गळ-शिबिरांतल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या. माणशी-तासाला मिळणाऱ्या माशांची एकूण संख्या वाढलेली दिसली, सगळे खूश! मात्र जातीनुसार आकडे वेगळे केले तेव्हा कळलं की वाढ झाली ती पाहुण्या खुद्रीची, आणि घरचा कुबडवाला महसीर जवळजवळ नाहीसा होत चाललाय. गंमत बघा, पुण्यात जो मासा आपण हरवला तोच कावेरीत जाऊन उपरा ठरला. हे उघडकीला आलं ते कोणा अधिकाऱ्याच्या फाइलमधून नव्हे. मासे धरून सोडणाऱ्या हौशी लोकांनी रोज किती तास गळ टाकला आणि काय लागलं हे वहीत नीट लिहून ठेवलं होतं म्हणून.

मग मोजायचं कसं? मासे काही रांगेत उभे राहत नाहीत. इथे आपल्या गणिताचा उपयोग आहे. ओढ्याचा शंभर मीटरचा तुकडा दोन्हीकडून बारीक जाळी लावून बंद करायचा. पहिल्या फेरीत सारख्या मेहनतीनं मासे पकडायचे, बादलीत ठेवायचे. तेवढीच मेहनत घेऊन दुसरी फेरी. समजा पहिल्या फेरीत ६० मिळाले, दुसरीत २४. पहिल्या आकड्याचा वर्ग भागिले दोन आकड्यांमधला फरक: ३६०० भागिले ३६, म्हणजे सुमारे १०० मासे होते असा अंदाज. दुसरी पद्धत खुणेची. ५० मासे पकडून परातलं एक टोक किंचित कापून सोडले. काही दिवसांनी पुन्हा ४० पकडले, त्यात ८ खुणेचे निघाले. पाचात एक खुणेचा, म्हणजे एकूण अडीचशे. इतकं सोपं!

पण घाण ओढ्यात हे सोपं गणित कोलमडतं, आणि मला वाटतं खरा अभ्यासाचा मुद्दा इथेच आहे. खुणेच्या पद्धतीत असं गृहीत धरलेलं असतं की मधल्या काळात कोणी मेलं नाही, कोणी आलं-गेलं नाही. प्रदूषित पाण्यात नेमकं हेच घडतं. खुणेचे मासे आधीच अर्धमेले असतात, जखमेला बुरशी लवकर लागते. तीच गत विजेची. परदेशात ओढ्यातले मासे मोजायला पाण्यात मोजका विद्युतप्रवाह सोडून मासे क्षणभर सुन्न करतात, टिपतात आणि मोजून सोडून देतात. घाटातल्या ओढ्याची वाहकता शंभर मायक्रोसीमेन्सच्या मागेपुढे, तर सांडपाणी मिसळलेल्या नाल्याची हजाराच्या घरात. पाणी माशापेक्षा जास्त वाहक झालं की करंट माशाला वळसा घालून पाण्यातूनच निघून जातो. यंत्र तेच, माणसं तीच, पण घाण तुकड्यात मासे कमी सापडतात आणि आपण समजतो तिथे मासेच कमी आहेत! थोडक्यात, ज्या गोष्टीचा परिणाम मोजायचा तीच मोजपट्टी वाकवते. (इलेक्ट्रिकलच्या मित्रांना हात जोडून विनंती, हॉस्टेलच्या इन्व्हर्टरवर हा प्रयोग करू नये. आकडे टाकून, ब्लीचिंग पावडर टाकून, जिलेटिन फोडून मासे मारणारे आधीच पुष्कळ आहेत. तो गुन्हा आहे आणि माणसंही मरतात.)

हल्ली पाण्यातल्या डी.एन.ए. वरून मासे ओळखायची पद्धत निघाली आहे. लिटरभर पाणी गाळायचं आणि प्रयोगशाळा सांगते कोणकोण तिथे आहे. फार उपयोगाची, पण शहरातल्या नाल्यात जरा जपून. आपल्या मेसला रविवारी फीस्टमध्ये सुरमई असेल तर भांडी घासलेल्या पाण्याबरोबर सुरमईचा डी.एन.ए. ही नाल्यात उतरणार. अहवाल वाचून कोणी मुठेत सुरमई आहे असं जाहीर केलं नाही म्हणजे मिळवली!

म्हणून मला सगळ्यात भरवशाची वाटते ती साधी रीत. तीच जागा, तेच जाळं, तेवढाच वेळ, तीच माणसं, वर्षातून दोनदा. एका फेकीला किती मासे, त्यात कोणत्या जाती, किती लांबीचे, किती जणांच्या अंगावर फोड, किती जणांचे पर झडलेले. अमेरिकेत जेम्स कार यांनी १९८१ साली यावरून गुणपत्रिकाच बनवली. बारा प्रश्न, प्रत्येकाला १, ३ किंवा ५ गुण, एकूण १२ ते ६०. एकूण जाती किती, घाण सोसणाऱ्यांचं प्रमाण किती, किडे खाऊन जगणारे किती, रोगट किती, असे प्रश्न. तुलना करायची ती त्याच भागातल्या चांगल्या ओढ्याशी. आपल्याकडेही हे चालतं. १९९८ साली गणसन आणि ह्यूज यांनी ही गुणपत्रिका इंदूर-उज्जैनकडच्या खान आणि क्षिप्रा नद्यांना लावून दाखवली आहे. आपल्याला पास-नापास छान कळतं, मग नदीची मार्कशीट का नको?

'मासे मोजून काय होणार? एस.टी.पी. बांधा, प्रश्न मिटेल,' असं आपल्यातलेच बरेचजण म्हणतात, आणि ते काही चूक नाहीत. मुळा-मुठेसाठी जपानच्या कर्जातून ९९० कोटींची योजना २०१६ साली मंजूर झाली; ११ नवे प्रकल्प आणि दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता असं तिचं स्वरूप. बांधायलाच हवेत. पण बांधल्यावर नदी सुधारली हे कशावरून ठरवणार? एस.टी.पी.च्या नळाचं पाणी बाटलीत भरून? नळ पास होईल हो, नदीचं काय?

याबाबतीत लंडनची गोष्ट ऐकण्यासारखी आहे, कारण ती इंजिनिअरिंगचीच आहे. १९५७ साली लंडनच्या टेम्सच्या कितीतरी मैलांच्या पट्ट्यात तग धरून राहिलेला मासा म्हणजे फक्त ईल, अशी अवस्था होती. पुढे मैलापाणी शुद्धीकरणाची मोठी केंद्रं सुधारायला घेतली. नदी सुधारतेय का हे बघायला ब्रिटिश म्युझियमच्या अॅल्विन व्हीलर यांनी १९६४ पासून एक भन्नाट मार्ग धरला. नदीकाठच्या वीजकेंद्रांमध्ये थंड करायला पाणी ओढतात, त्या पाण्यातला कचरा अडवायला चाळण्या असतात. त्या चाळण्यांवर अडकलेले मासे तिथल्या कामगारांकडून गोळा करायला सुरुवात झाली. ना बोट, ना जाळं! वीजकेंद्र रात्रंदिवस पाणी ओढतंय, म्हणजे रात्रंदिवस सर्व्हे चालू. एकेक नवी जात चाळणीवर येऊ लागली. १९७४ साली वेस्ट थरॉकच्या वीजकेंद्रात चक्क सॅमन सापडला, १८३३ नंतर पहिलाच. पुढे सॅमनची पिल्लं मुद्दाम सोडण्याचा जो कार्यक्रम झाला तो फारसा साधला नाही, पण बाकीच्या माशांच्या जाती शंभरावर गेल्या. शुद्धीकरणावर ओतलेला पैसा सत्कारणी लागला हे लंडनकरांना दाखवून दिलं ते त्या चाळण्यांनी.

आपल्याकडे अशा चाळण्या नाहीत, पण भोई आहेत. पिढ्यान्‌पिढ्या नदीवर जाळं टाकणारे. कोणता मासा कोणत्या डोहात, कधी अंड्यावर येतो, कोणत्या वर्षापासून दिसेनासा झाला, हे त्यांना जितकं माहीत आहे तितकं कुठल्या सरकारी अहवालात नाही. पहिल्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, त्याला वलगण म्हणतात. ही वलगण कोणत्या बंधाऱ्याशी येऊन थांबते हे तेच सांगू शकतात. ज्यांनी साइक्सला नावं सांगितली त्यांचेच हे वारस. त्यांना 'मजूर' म्हणून न नेता, ठरलेली रोजी देऊन आणि अहवालात नाव घालून सोबत घ्यावं. नदी मेली तेव्हा सगळ्यात आधी बेकार झाले ते हेच लोक, आणि त्याची नुकसानभरपाई कोणत्याच योजनेत धरलेली मी तरी वाचली नाही.

तेव्हा माझी सूचना सरांपुढे आणि सगळ्या ब्रँचेसपुढे ठेवतो. दर वर्षी त्याच त्या 'कचऱ्यापासून विटा' छाप प्रोजेक्टऐवजी एक गट नदीवर लावा, आणि पुढच्या वर्षी त्याच जागांवर पुढचा गट. चार जागा पुरेत: धरणाच्या वरचा एक स्वच्छ ओढा तुलनेसाठी, शहरात शिरण्याआधी एक, शहराच्या मधोमध एक आणि शहर संपल्यावर एक. ई अँड टी.सी. वाल्यांनी रात्रभर ऑक्सिजन नोंदवणारा लॉगर बनवावा, म्हणजे पहाटेचा आकडा मिळेल. मेकॅनिकलनं मासा आडवा ठेवून लांबी मोजायची पाटी आणि हवा सोडणारी बादली करावी. कॉम्प्युटरवाल्यांनी नोंदी अशा ठेवाव्यात की गट पास आऊट झाल्यावर सी.डी. कपाटात हरवली, हे नेहमीचं रडगाणं नको. मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी आधी काढावी, मासे मोजून परत सोडावेत, शहरातल्या दोन जागांवर गमबूट आणि हातमोज्यांशिवाय कोणी उतरू नये. लेप्टोस्पायरोसिस काही आपली ब्रँच विचारून होत नाही.

आणि फॉर्ममध्ये एक रकाना मेहनतीचा हवाच: किती फेकी, किती माणसं, किती वेळ. शहराच्या मधल्या जागेवर बहुधा असं लिहावं लागेल: वीस फेकी, चार माणसं, दोन तास, मासे शून्य. 'काहीच मिळालं नाही, मग काय लिहायचं' म्हणून तो कागद फेकून द्यायचा नाही. साइक्सच्या यादीनंतर कोणी तरी तिथे जाऊन, जाळं टाकून, शून्य हा आकडा तारीख घालून लिहिलेला असला पाहिजे, म्हणजे वीस वर्षांनी तिथे एक शिंगटी जरी लागली तरी ती कशाच्या तुलनेत हे सांगता येईल. पहिली फेरी पावसाच्या आधी व्हायला हवी. मे महिन्यात परीक्षा असते, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, पी.एल. लागायच्या आतच ती उरकावी लागेल.